आदल्या दिवशी कटरवर काय होतं

८ जानेवारी

सप्रेम नमस्कार.

आज कामावर गेलो. अकरा वजनकाटे तपासले, नवांवर शिक्का मारला, दोन परत पाठवले. साडेपाचला घरी आलो. ठकीला भात आणि अंडं करून दिलं. ती आता गृहपाठ करते आहे.

आपली भेट दोनदाच झाली, एकदा लग्नात आणि एकदा ऑक्टोबरमध्ये, हिच्या दहाव्याला. ऑक्टोबरमध्ये मी कोणाशी काय बोललो ते मला आठवत नाही. बोलायचं राहिलं असेल तर माफ करा.

काम असं आहे. तुमच्या मामेबहिणीने ठकीसाठी एक फाईल ठेवली होती. ठकीच्या पोटात गव्हाचा कण गेला तरी आतडं सुजतं, हे तुम्हाला माहीत आहे. सहा वर्षांची असताना वाढदिवसाच्या केकचा एक घास खाल्ला होता, तर चार दिवस सलाईन लावावं लागलं. त्यानंतर घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी खिडकीच्या कट्ट्यावर थांबायची. ही बनवणाऱ्याला पत्र लिहायची. उत्तर आलं की पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घालून ते वरच्या फळीवर ठेवायची. वरच्या फळीवरचं ठकीने न विचारता खायचं, असा नियम. तोंडी उत्तराला ती उत्तर मानत नसे. मलाही ते बरोबर वाटायचं.

फायलीत तुमची चौदा उत्तरं सापडली. सगळ्यांत 'घे' किंवा 'या खेपेला नको' एवढंच आहे. तिने काय विचारलं होतं ते कळत नाही, कारण तिची पत्रं तुमच्याकडे आहेत.

ठकीच्या शाळेची सहल सहा फेब्रुवारीला निघते. पाच दिवस. तिथे डॉक्टर जवळ नाही. तिला तुमच्या कारखान्यातले सुक्या अंजिराचे तुकडे बरोबर हवे आहेत, आई नेहमी तेच द्यायची. त्यात गव्हाचं काही असतं का, एवढं लिहून कळवावं. फोनवर मला नीट बोलता येत नाही.

आपला,
ठकीचे बाबा


१४ जानेवारी

भाऊजी,

पहिली गोष्ट, मला अहोजाहो करू नका. ताई मला टिटवी म्हणायची आणि तुम्हीही तेच म्हणा. दुसरी गोष्ट, ऑक्टोबरमध्ये तुम्ही माझ्याशी छान बोललात. 'चहा घ्या' असं तीनदा म्हणालात आणि तिन्ही वेळा चहा दिला नाहीत. माझी काही तक्रार नाही.

फोनचं मला ठाऊक आहे. दिवाळखोरीत निघालेल्या बँकेत फोन लावावा तसं होतं तुमच्याकडे. उचलला जातो आणि पलीकडे नुसता श्वास. ताई म्हणायची, 'नवऱ्याने उचलला तर सगळं भरभर सांगून टाक, तो ऐकत असतो.'

आता कामाचं. अंजिराच्या तुकड्यांना चिकटू नये म्हणून तांदळाची पिठी लावतात. लेबलवरही तेच छापलंय, आणि रजिस्टरमध्येही तेच आहे. मी स्वतः पाहिलं. नोव्हेंबरपासून मी वर ऑफिसात असते, खाली शेडमध्ये नाही. खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, आता हात चिकट होत नाहीत. ताईला हे सांगायचं होतं. ती म्हणाली असती, 'बसून बसून जाड होशील.'

अकरा तारखेच्या मालातली दोन पाकिटं पाठवतेय. पैसेबिसे काही नको. ठकीला सांगा, मावशीने दिलंय.

घरात तिचा आवाज नाही म्हणजे कसं वाटत असेल. लहानपणी आम्ही जिन्याखाली लपायचो तेव्हा वरून कोण येतंय ते ताईच्या बाबतीत लगेच कळायचं. एक पाय वाजायचा, दुसरा नाही. उजवी टाच टेकायचीच नाही तिची, पडल्यापासून. आम्ही दुष्ट होतो, तिच्यासारखं चालून दाखवायचो. ती सगळ्यांत मोठ्याने हसायची.

तुम्ही कसे आहात ते लिहा. काटे किती तपासले ते नको.

टिटवी


२१ जानेवारी

टिटवी,

पाकिटं मिळाली. ठकीने आभार सांगितले आहेत.

मी ठीक आहे.

तुझं उत्तर फायलीत लावलं, एका पाकिटावर पेन्सिलीने तारीख घातली आणि ते वरच्या फळीवर ठेवलं. दुसरं पाकीट मी डब्यात घेऊन ऑफिसात सगळ्यांना वाटलं. ही तारीख घालण्याची पहिलीच वेळ. आकडे तिच्यासारखे आले नाहीत.

सकाळी पाकीट खिडकीच्या कट्ट्यावर होतं.

ठकीने खाली काढलं असेल असं समजून मी परत वर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कट्ट्यावर. तिसऱ्या दिवशीही. ठकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, माझा हात पुरतो का तिथे?" तिचा हात पुरत नाही. स्टूल मागच्या खोलीत असतं आणि त्याचा एक पाय सैल आहे, ओढलं तर सगळं घर जागं होईल.

वरच्या फळीवर आणखी सात वस्तू आहेत. बेदाणे, पोहे, मक्याचे दाणे, असं. त्यांच्यावर तिच्या तारखा आहेत. त्यातली एकही हलत नाही.

कट्ट्यावर पाकीट ज्या ठिकाणी असतं ती जागाही एकच. डाव्या कोपऱ्यात, लेबल भिंतीकडे. ती अशीच ठेवायची. उन्हाने लेबलावरचं पुसतं म्हणायची.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं कारण पाकीट तुझं आहे.

ठकीचे बाबा


२५ जानेवारी

भाऊजी,

तुम्ही झोपेत चालता. संपलं. आमच्या शेजारच्या शिंपीणकाकू झोपेत उठून कुलपं लावायच्या. सकाळी त्यांचा नवरा न्हाणीघरात कोंडलेला असायचा. तीस वर्षं संसार केला दोघांनी.

इतकी वर्षं तुम्ही रोज सकाळी त्या कट्ट्यावर पाकीट पाहिलंत. डोळ्यांना सवय असते. हाताला पण असेल. माणूस गेलं की घरातले उरलेले लोक त्याची थोडी थोडी कामं उचलतात, त्यांना कळतही नाही. मीच बघा, ताईसारखी पाकिटाची घडी घालायला लागलेय.

खात्री करायची असेल तर ओट्यापुढे फरशीवर पिठी भुरभुरा. गव्हाचं पीठ तुमच्या घरात नाहीच, तांदळाचं वापरा. सकाळी आपलीच पावलं बघा आणि मला लिहा की टिटवी, तू शहाणी आहेस.

आणि पाकिटाचं मनावर घेऊ नका. मी रजिस्टर पुन्हा काढून पाहिलं. तांदळाची पिठी, अकरा जानेवारी, खाली सुपरवायझरची सही. पोरीला बिनधास्त द्या. पाच दिवस बाहेर आणि बरोबर आईने द्यायचा तो खाऊ नाही, असं करू नका.

टिटवी


१ फेब्रुवारी

टिटवी,

तू शहाणी आहेस. पावलं माझीच निघाली.

परवा ओट्यापासून खिडकीपर्यंत तांदळाची पिठी चाळणीने पसरली. सकाळी पाकीट कट्ट्यावर होतं आणि फरशीवर जाताना सहा, येताना सहा पावलं. मी मापपट्टीने मोजली. लांबी माझ्या पायाएवढी, डाव्या करंगळीजवळ माझी जुनी जखम आहे ती पण उमटली होती. शंका नाही.

एकच गोष्ट जुळली नाही, म्हणून नोंदवतो. उजव्या पायाची टाच कुठेही उमटलेली नाही. उजव्या सहाही पावलांत. मी शेजारी मुद्दाम पुन्हा चालून पाहिलं, तेव्हा माझी टाच उमटते. फरशी तिथे खोलगट असेल म्हणून पाणी ओतून पाहिलं. फरशी सपाट आहे.

ठकी उठायच्या आत पुसून टाकलं.

तरीही पाकीट मी ठकीबरोबर देणार आहे. नीट विचार केला. लेबल आहे, तुझं लेखी उत्तर आहे, सुपरवायझरची सही आहे. बावीस वर्षं मी शिक्का बघून काटे सोडतो आहे. शिक्का असताना न सोडणं म्हणजे मग कशावरच भरवसा ठेवता येणार नाही. आणि ठकी परवा म्हणाली, "आई असती तर तिने एव्हाना भरून ठेवलं असतं."

पाच तारखेला संध्याकाळी सहलीच्या पिशवीत घालून वरचा पट्टा आवळून ठेवीन. बस सहा तारखेला सकाळी आठला शाळेसमोरून सुटते.

ठकीचे बाबा


६ फेब्रुवारी

भाऊजी,

फोनवर सगळं सांगितलंच आहे, पण तुम्ही आणि ताई दोघंही लेखीवाले, म्हणून लिहिते. आणि लिहिल्याशिवाय मला चैनही पडणार नाही.

तुमचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. ते टाचेचं वाक्य तुम्ही किती सहज लिहिलंय. मी ते तीनदा वाचलं. मग उठून दाराला कडी घातली. नवरा म्हणाला, "इतक्या लवकर काय लावतेस?"

मग मी ताईची पत्रं काढली. जुन्या चपलांच्या खोक्यात आहेत सगळी. प्रत्येक पत्रात दोन प्रश्न. पहिला तुम्ही विचारलात तोच, यात गव्हाचं काही आहे का. आणि दुसरा, 'आदल्या दिवशी कटरवर काय होतं?' चौदाच्या चौदा पत्रांत. मला त्या प्रश्नाचा कंटाळा यायचा. पण मी खाली शेडमध्येच होते, चार पावलं चालून बघायचे आणि उत्तर द्यायचे. तुम्ही तो प्रश्न विचारला नाहीत आणि मी वर खुर्चीत बसून रजिस्टर पाहिलं. रजिस्टरमध्ये आदला दिवस नसतो, भाऊजी. त्यात त्या दिवसाचाच माल असतो.

आज सकाळी साडेसातलाच कारखाना गाठला आणि थेट खाली गेले. कटरवरच्या बाईला विचारलं, दहा जानेवारीला काय कापलंत? ती म्हणाली, "बेकरीची ऑर्डर. त्यांना मैदा लावलेले तुकडे लागतात, केकमध्ये खाली बसत नाहीत म्हणून." मी म्हटलं, मग पिठी लावायचा ब्रश बदलला? ती म्हणाली, "ब्रश झटकला. आता तुम्ही वर गेलात, मॅडम, सांगणार कोण?"

मॅडम म्हणाली मला. तीन महिन्यांपूर्वी मी तिच्या डब्यातलं खात होते.

तिथूनच, शेडमधल्या फोनवरून तुम्हाला फोन लावला. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, समोर घड्याळ होतं. उचललात, आणि नेहमीसारखं नुसतं गप्प. मी सगळं भरभर सांगून टाकलं. पाकीट देऊ नका, दिलं असेल तर शाळेत फोन करा, बस गाठा, काहीही करा. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत पण ऐकत होतात ते कळत होतं. मग हळूच ठेवलात.

ठकी कशी आहे ते ताबडतोब कळवा. मी तुमच्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू ते मला माहीत नाही.

टिटवी


११ फेब्रुवारी

टिटवी,

ठकी काल दुपारी परत आली. बरी आहे. पोट दुखलं नाही. उन्हाने नाक सोललं आहे, बाकी काही नाही. हे आधी लिहितो.

आता क्रमाने.

पाच तारखेला संध्याकाळी सहाला मी पाकीट पिशवीत कपड्यांच्या वर ठेवलं, झाकण बंद केलं, पट्टा आवळला आणि पट्ट्याच्या टोकाला दोऱ्याची गाठ मारली. कामावर आम्ही मारतो तशी. सकाळी गाठ तपासली. गाठ माझीच होती, जशीच्या तशी. आत पाहिलं नाही. घाई होती, आणि गाठ शाबूत असली की आत पाहायची मला सवय नाही. त्या सकाळी खिडकीकडेही पाहिलं नाही.

पावणेआठला आम्ही घरातून निघालो. कुलूप मी लावलं. किल्ली माझ्या खिशात होती आणि दुसरी किल्ली ऑक्टोबरपासून हिच्या पर्समध्ये आहे, पर्स कपाटात. बस आठ वाजून पाच मिनिटांनी सुटली. मी हात हलवला आणि तिथूनच कामावर गेलो. घरी आलो ते साडेपाचला.

पाकीट कट्ट्यावर होतं. डाव्या कोपऱ्यात, लेबल भिंतीकडे.

मी शाळेत गेलो. शिपाई म्हणाला, सोमवारशिवाय काही कळणार नाही. ठकी तिथे काय खात असेल याचा विचार करत राहिलो. ती आल्यावर विचारलं. ती म्हणाली, "पिशवीत खाऊ नव्हताच, बाबा. मला वाटलं तुम्ही विसरलात. मग बाईंनी रोज केळी दिली." ती माझ्यावर थोडी रागावली होती. मी म्हटलं, विसरलो.

गाठ मी झोपेत सोडून पुन्हा मारली असणार. हाताला सवय असते, हे तूच लिहिलं होतंस. तेवढं मी मानू शकतो.

तुझं पत्र काल ठकी यायच्या आधी तासभर मिळालं. आठ वाजून दहा मिनिटांनी घरात कोणी नव्हतं, टिटवी. मला फोन आला नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. दुसरा प्रश्न मलाही सुचला नव्हता. मी बावीस वर्षं काट्यावर शिक्का मारतो आणि त्या काट्यावर आदल्या दिवशी काय मोजलं ते कधी विचारलं नाही.

ठकीचे बाबा


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

ठकी बरी आहे ते वाचून मी शेडमध्ये जाऊन रडले. वर रडता येत नाही, काचेची खोली आहे.

अकरा तारखेचा माल तपासायला लावला. गहू निघाला. भरपूर. सगळा माल दुकानांतून परत मागवतायत. मॅनेजर मला म्हणाला, "तुम्हाला कळलं कसं?" मी म्हटलं, एका ग्राहकाने विचारलं. खोटं नाही ना ते?

तुमच्या ऑफिसातल्यांना काही झालं नाही, कारण त्यांना गहू चालतो. पण ठकीने वरचं पाकीट न विचारता उघडलं असतं तर? नियमच तसा आहे तुमच्या घरी. ताईने तो नियम केला तेव्हा तारीख घालणारी ती होती.

मी परत शेडमध्ये जायचं मागून घेतलंय. मॅनेजर म्हणाला, पगार कमी होईल. नवरा म्हणाला, डोकं फिरलंय. मी आता ब्रश दोन केलेत, एक लाल दांडीचा, एक पांढरा. पांढऱ्याला मी कोणाला हात लावू देत नाही.

सोबत एक पाकीट पाठवतेय. सतरा तारखेचं. सोळाला कटरवर काही नव्हतं, सुट्टी होती. पंधराला बेदाणे. कटर मी स्वतः धुतला, पुसला, मग सतराला तुकडे कापले तेव्हा मी शेजारी उभी होते. चालेल. घ्या.

एक विचारू का? फोनवर मी बोलत होते तेव्हा पलीकडे चालल्याचा आवाज येत होता. तुम्ही येरझारा घालताय असं वाटलं. तेव्हा लक्षात नाही आलं, आता रोज आठवतं. एक पाय वाजत होता.

तुम्हाला भीती वाटत असेल तर ठकीला घेऊन इकडे या. जागा आहे.

टिटवी


२५ फेब्रुवारी

टिटवी,

काल कामावर गेलो. सात काटे तपासले. प्रत्येक दुकानदाराला विचारलं, काल यावर काय मोजलं? बहुतेकांना सांगता आलं नाही. एक म्हणाला, "साहेब, नवा नियम आलाय का?" मी हो म्हटलं.

तुझं पाकीट मी वर ठेवलं नाही. तारीखही घातली नाही. तुझं पत्र फायलीत लावलं आणि पाकीट कट्ट्यावर ठेवलं, लेबल भिंतीकडे. ठकीने पाहिलं. म्हणाली, "हे कधी चालेल?" मी म्हटलं, कळेल.

तुझ्याकडे येणार नाही. घर सोडावंसं वाटत नाही. भीती वाटते का, याचं उत्तर लिहिता येत नाही. पहिल्या दिवशी वाटली होती. ऑक्टोबरपासून या घरात ठकीची काळजी मी एकटा घेतो आहे असं मला वाटत होतं, आणि ती मला नीट जमत नव्हती.

पिठी पुन्हा पसरायची नाही असं ठरवलं होतं. काल पसरली.

आज सकाळी सहाला उठलो. कट्टा रिकामा होता. पाकीट वरच्या फळीवर, बेदाण्यांच्या शेजारी होतं. ठकी अजून उठलेली नाही. उठली की वर बघेल आणि विचारेल, आणि मी खा म्हणणार आहे.

फरशीकडे मी पाहिलं नाही. खुर्चीवर बसून आधी माझे तळवे पाहिले. डाव्या पायाला बोटांपासून टाचेपर्यंत पिठी लागलेली होती. उजव्याला फक्त पुढे.

मग फरशी पुसली. फडकं पिळून वाळत टाकलं. न्हाणीघरात जाऊन पाय धुतले. उजवी टाच स्वच्छच होती, तीही धुतली.